पित्ताची गोळी

मुलांनो, असं समजा की तुम्ही आईबरोबर सरकारी दवाखान्यात गेला आहात. केसपेपरची खिडकी मागे पडली, औषधांची खिडकी मागे पडली. आई जिन्याखालून वळली आणि एका अरुंद बोळातल्या बाकावर येऊन बसली. बाकावर सगळ्या बायकाच, पण कुणी कुणाशी बोलत नाही. नळावर दिवसभर तोंडाचा पट्टा चालवणारी तुमच्या शेजारची काकूही तिथे आहे; पण तुम्हाला पाहताच ती भिंतीकडे तोंड करते. आईही तिला हाक मारत नाही. त्या बोळाची रीतच तशी. आत बोलावतात तेही नावाने नाही, नंबराने.

आपल्या गोष्टीतली मुलगी तिथे अशीच बसली होती. पाय एका जागी ठरत नाहीत म्हणून घरी तिला सगळे भिंगरी म्हणत.

काही आजार नवऱ्याकडून बायकोला किंवा बायकोकडून नवऱ्याला होतात. सर्दीतापासारखे तेही जंतूंमुळेच होतात आणि वेळेवर तपासलं तर बहुतेक बरे होतात. भिंगरीच्या आईला असाच एक आजार झाला होता. त्यात तिच्या पोटात बाळ होतं. ते जन्माला येण्याआधी आई बरी झाली नाही, तर आजार बाळालाही होण्याची भीती होती.

पहिल्या तपासणीनंतर नर्सबाईंनी तिला गोळ्या दिल्या. "एकही चुकवायची नाही. आणि यजमानांना पाठवा. पुरुषांचा वार गुरुवार. त्यांना तपासल्याशिवाय त्यांच्या गोळ्या मला देता येत नाहीत."

बाबा एका वेल्डिंगच्या दुकानात कामाला होते. आईने त्यांना सांगितलं तेव्हा ते हसलेच.

"मला काय धाड भरलीय? चांगला ठणठणीत आहे मी."

"अहो, नुसती तपासणी. बाळासाठी तरी."

"त्या बोळात मला कुणी पाहिलं, तर दुसऱ्या दिवशी दुकानात माझी वरात निघेल. तू जातेस ना? मग झालं."

जेवणं झाल्यावर आईने विळीवर एक गोळी कापली. अर्धी स्वतः घेतली आणि अर्धी बाबांच्या हातावर ठेवली. "पित्ताची आहे. घ्या."

बाबांनी न बघता ती पाण्याबरोबर गिळली. रोज असंच चाललं. घरात एक सफरचंद आलं, तरी आई ते असंच कापायची. आजारी दोघं आणि औषध एकाचं. मग वाटून घेतलं तर दोघांनाही थोडाथोडा गुण येईल, असा तिचा हिशोब.

पुढच्या तपासणीला नर्सबाईंच्या कपाळावर आठ्या पडल्या.

"आजार आहे तसाच आहे. गोळ्या सगळ्या घेतल्या ना?"

"घेतल्या," आई म्हणाली.

"बाबांनीपण घेतल्या," भिंगरी म्हणाली. "अर्ध्या अर्ध्या. त्यांच्या पित्तावर."

आईने तिचा दंड दाबला, पण उशीर झाला होता. नर्सबाई खुर्चीत मागे टेकल्या. ओरडतील असं वाटलं होतं, पण त्या हळूच म्हणाल्या, "अगं बाई, अर्ध्या औषधाने जंतू मरत नाहीत, उलट निर्ढावतात. आता त्या गोळ्यांचा भरवसा नाही. मी दुसरं औषध देते. पण ते आले नाहीत, तर तू बरी झालीस तरी तुला पुन्हा होणार. आणि दिवस किती थोडे राहिलेत!"

"ते नाही यायचे," आई म्हणाली. रडलीसुद्धा नाही ती. आज पाणी येणार नाही म्हणावं, तसं म्हणाली.

गुरुवारी मधल्या सुट्टीत भिंगरी शाळेतून थेट दुकानात गेली. बाबांचा जोडीदार दारातच होता. "अरे बघ, पोलीस आलेत! आता काय करून ठेवलंस?"

सगळे हसले. बाबाही हसले आणि खाली वाकले. भिंगरी त्यांच्या कानात म्हणाली, "बाबा, ती गोळी पित्ताची नव्हती. आज तुमचा वार आहे. चला ना. बाळाला होईल."

बाबांचं हसू मावळलं. त्यांनी चोरून जोडीदाराकडे पाहिलं.

"काय म्हणतेय रे?"

"काही नाही. खाऊ पाहिजे म्हणतेय."

"बाबा, चला ना."

"तिकडे तोंड कर," बाबा म्हणाले. "ठिणगीकडे बघायचं नसतं, डोळे जातात." त्यांनी तिला खांद्याला धरून अलगद पाठमोरं केलं आणि तोंडावर काळ्या काचेचा मुखवटा ओढला. मागे चरचर सुरू झाली. हातातलं काम संपलं, तसं त्यांनी दुसरं घेतलं. मग तिसरं.

भिंगरी शाळेत परत गेली नाही. जिन्याखालून वळून ती बोळात गेली. बाकावर सगळे पुरुष होते. ती त्यांच्यात जाऊन बसली.

"ए पोरी, आज पुरुषांचा वार," दारावरचा शिपाई म्हणाला. "कुणाबरोबर आलीस?"

"बाबांची जागा धरलीय."

"कुठे आहेत बाबा?"

"कामावर."

"येणार आहेत का?"

भिंगरीने बोळाच्या तोंडाकडे पाहिलं. "माहीत नाही," ती म्हणाली, आणि एक मोठा माणूस मावेल एवढी जागा सोडून बाकाच्या अगदी कडेला सरकली.