आतून की बाहेरून

नळ दुरुस्त करणाऱ्याच्या घरात ‘चोक’ हा शब्द उठता-बसता. मोरी चोक, बेसिन चोक, बायकोचं डोकंही चोक. आज सकाळी त्याने बायकोला भिंतीशी रेटून दोन्ही हातांनी तिचा गळा आवळला. तिच्या डोळ्यांपुढे काजवे चमकले, पाय जमिनीवरून सुटले. शुद्धीवर आली तेव्हा आवाज गेला होता.

आता दवाखान्यात तो साखर पेरत होता. डॉक्टरीणबाईंना यांची मराठी येत नव्हती, आणि बायकोचं इंग्रजी तुटपुंजं.

“जेवताना चोक झालं हो,” तो इंग्रजीत म्हणाला.

डॉक्टरीणबाईंनी तिच्या गळ्यातला स्कार्फ अलगद सोडवला. मानेच्या दोन्ही अंगांना बोटांचे जांभळे वळ. त्यांनी त्याच्याकडे नाही, तिच्याकडे पाहिलं. एक बोट स्वतःच्या तोंडाकडे नेलं. “चोक?” मग दोन्ही पंजे स्वतःच्याच गळ्याभोवती धरले. “की स्ट्रँगल?”

तिला उमगलं. एक शब्द घशात आतून अडकतो. दुसऱ्याला हात असतात. पहिल्याला मान डोलावली, की संध्याकाळी पुन्हा तीच भिंत.

“घास अडकला का, असं विचारतायत,” नवरा हसऱ्या तोंडाने मराठीत पुटपुटला. “मान हलव गं. नाहीतर सकाळचं अर्धवट राहिलेलं घरी जाऊन पुरं करतो.”

तिने नकाराची मान हलवली. बोलू गेली, तर पाणी गेलेल्या नळासारखी नुसती हवा.

“जरा वेडसर आहे,” तो डॉक्टरीणबाईंना म्हणाला, आणि मागून तिच्या दंडात अंगठा रुतवला.

ती उठली. लॉन्ड्रीत आयुष्यभर ओल्या चादरी पिळलेले हात ते. त्यांत त्याची मान गेली. ट्रे खणखणत पडला, कपाटाची काच त्याच्या डोक्याने फुटली, कानामागून रक्ताचा ओघळ कॉलरीत उतरला. तिने पीळ सोडला नाही. त्याचे डोळे पांढरे झाले.

“डॉक्टर,” तो कसाबसा घोगऱ्या आवाजात इंग्रजीत म्हणाला, “ही मला स्ट्रँगल करतेय.”

तो शब्द कानावर पडताच तिने हात काढले.

डॉक्टरीणबाईंनी बेल दाबली आणि दोघांच्या मधे उभ्या राहिल्या. “येतो की हा शब्द तुम्हाला,” त्या म्हणाल्या, सावकाश, तिलाही कळावं असं. “मघाशी कुठे होता?”

नवरा खोकत राहिला. बेल ऐकून आलेला रखवालदार त्याला दंडाला धरून बाहेर घेऊन गेला. काचांत पडलेला स्कार्फ तिने उचललाच नाही.