मशिनीची कंदुरी

वसमतजवळ तातेरावांचा हळदीचा कारखाना आहे. त्या दिवशीही तांड्यावरची माणसे डबे घेऊन वेळेवर आली, पॉलिशचा ड्रम घरघरू लागला आणि सगळ्यांचे चेहरे पिवळे झाले. देविदास ड्रमपाशी होता, त्याची बायको शिवकन्या हळद निवडत होती. ड्रम फिरवणारा पट्टा घसरला की चटकन चढवता यावा, म्हणून त्यावरची लोखंडी जाळी मालकाने कधीच काढून टाकली होती. दुपारी पट्टा घसरला. तो चढवताना देविदासचा उजवा हात आत ओढला गेला आणि कोपरापासून तुटला.

असा अपघात झाला की सरकारी निरीक्षकाला कळवायचे, हा कायदा. तातेरावांचा कायदा निराळा. मशीन भोग मागते म्हणायचे, बोकड कापायचा आणि मशिनीच्या नावाने कंदुरी, म्हणजे मटणाची पंगत, घालायची. कंदुरी खाल्ली की प्रकरण मिटले. मागे याच ड्रमवर कामगार हिरासिंगची बोटे गेली तेव्हाही पंगत पोटभर जेवली होती. बोकड गेला, बोटे गेली, जाळी काही आली नाही. काय म्हणावे या अकलेला?

देविदास दवाखान्यातून घरी आला, तशी कारखान्याच्या आवारात चूल पेटली. पहिले ताट मालकाने स्वतः शिवकन्येपुढे ठेवले.

"खाय पोरी. कोप उतरला आता."

"मला न्हाई खायचं, मालक."

सासरा पुनमचंद शेजारून कुजबुजला, "काहून अडून राहिली, बाई? समद्यायच्या पोटावर पाय देतीस का?"

"मामा, तुमच्या पोराचा हात गेला. आज हे गिळलं, तर उद्या सरकारी साहेबापुढं कोणत्या तोंडानं बोलू?"

तातेराव हसले. "साहेब काय करंल? मशिनीला भोग लागतच असतो."

"मशिनीला बोकड लागत न्हाई, जाळी लागते. ती काढली तवा देवाला इचारलं व्हतं का?"

वाढत वाढत सासू नानीबाई मुलापाशी आली. देविदासने खाली मान घालून डाव्या हाताने घास उचलला होता. जन्मभराच्या सवयीने तिच्या तोंडून गेले, "डाव्या हातानं नको रं लेकरा, देवाचं हाय."

बोलून गेल्यावर तिला कळले, आपण काय बोललो. ती तिथेच मटकन बसली आणि मोठ्याने रडू लागली.

पुनमचंदने ताट सरकवले आणि तो उठला. "सूनबाई, साहेबाकडं मी बी येतो." हिरासिंग उठला. मग बायका उठल्या.

"उद्यापून कामावर येऊ नका," तातेराव ओरडले.

"येऊ की," शिवकन्या म्हणाली. "कामावर आमचा हक्क हाय. पन जाळी बसल्याबिगर ड्रमला कोनी हात लावनार न्हाई."

कायदा सरकारने केला आहे. पण अशी पंगत गावोगावी बसते, आणि मिटवून टाका म्हणणारे शहाणे आपल्यातच असतात. पुढचे ताट आपल्यासमोर आले की जेवायचे की उठायचे, ते ज्याने त्याने आजच ठरवावे.