बंदीच्या दिवसांत आलेला देव
सीमेवर लढाई पेटली आणि सरकारनं दारूची दुकानं बंद केली, तेव्हा मंगळवेढ्यात कुणाला बरं वाटलं असेल तर ते म्हाळसाबाईला. तिचा नवरा सिद्धनाथ सकाळची चूळही दारूनंच भरतो, असं लोक चेष्टेत म्हणत, आणि त्यात फारशी चेष्टा नव्हती. शपथा घालून झाल्या, भांडून झालं. तिला जन्मात जमलं नाही ते सरकारनं एका फटक्यात केलं. पण तिचा लेक युवराज त्याच लढाईवर होता, त्याचा फोन लागत नव्हता. बाईला धड हसताही येईना.

सिद्धनाथ दोन-तीन दिवस वणवण फिरला. थेंब मिळाला नाही. मग घामानं निथळत घोंगडीवर बसला आणि थरथरायला लागला.

"आत्या, मामास्नी दवाखान्यात न्हिऊया," सून राजनंदिनी म्हणाली. "लक्षण बरं न्हाय."

म्हाळसाबाईला मात्र सासरा आठवला. त्याच्या अंगात बिरोबा यायचा तेव्हा तोही असाच थरथरायचा. दारूनं बाटलेल्या अंगात देव कसा येणार? आता अंग शुद्ध झालं होतं. "देवाला दवाखान्यात न्हेतीस व्हय गं?" तिनं सुनेला दटावलं आणि नवऱ्याच्या कपाळाला भंडारा फासला. भावकी गोळा झाली, ढोल वाजू लागला.

तिनं पदर पसरला. "देवा, माजा युवराज कुटं हाय?"

सिद्धनाथची नजर दारावर खिळली. "आलाय की. त्यो काय, उंबऱ्यात हुबा हाय. रगात पुसा त्येचं."

उंबऱ्यात कुणी नव्हतं. म्हाळसाबाईनं हंबरडा फोडला. तेवढ्यात सिद्धनाथ आडवा झाला, अंग ताठलं, तोंडाला फेस आला.

"बिरोबाच्या नावानं चांगभलं!" भावकी गरजली.

त्या गलक्यात राजनंदिनीचा फोन वाजला. युवराज होता! तिनं रडत-हसत फोन सासूच्या कानाला लावला.

"आई, मी धडधाकट हाय गं. ऐक, तितं दारू बंद झाली न्हवं? आप्पाची एकदम तुटली आसंल. आमच्यातला एक गडी आसाच थरथरून गेला. आप्पाचं हात कापत आसतील तर आत्ताच्या आत्ता दवाखान्यात न्हे."

"ढोल थांबवा!" म्हाळसाबाई किंचाळली.

ढोल थांबला. सिद्धनाथची थरथरही थांबली होती. तिनं त्याच्या नाकाशी हात धरला, छातीला कान लावला. काही नव्हतं. भावकीतली माणसं अजून एकेक करून त्याच्या पायावर डोकं टेकवत होती.

"आई, आप्पाकडं दे की फोन," युवराज म्हणत होता.