न वाळणारे रंग

ब्लेडचं टोक आडवं धरून तिने चित्रावरून झुरळाचा पाय उचलला. पाय एकटा आला नाही. त्याच्याबरोबर रंगाची एक पिवळट, लोण्यासारखी साल निघाली आणि ब्लेडला चिकटून राहिली. तिने ती वर्तमानपत्राच्या तुकड्यावर पुसली. पुसताना अंगठ्याला लागली. अंगठा पुसायला चिंधी घेतली, तर चिंधीही आधीच ओशट झालेली.

"शी," ती म्हणाली, पण हळू.

दारात खुर्ची टाकून बाबा बसले होते. त्यांनी ते ऐकलं असावं. पण त्यांची नजर तिच्या हातांवर होती. रंग जास्त तर निघत नाही ना, एवढंच पाहणारी.

"जाड थर आहे तिथे हलका हात ठेव," ते म्हणाले.

"माहीत आहे मला."

घरात तिला सगळे धाकटी म्हणत. केस पिकायला लागले तरी नाव तेच. चित्रांना फ्रेम करणाऱ्या दुकानाच्या मागच्या खोलीत ती काम करायची, त्यामुळे बाबांच्या चित्रांचं प्रदर्शन भरवायचं असं दादाने ठरवलं तेव्हा ती चित्रं साफ करून, वर रंग पक्का करणाऱ्या स्प्रेचा थर देऊन, काचेमागे बसवायचं काम तिच्या गळ्यात पडलं. तिला कुणी विचारलं नव्हतं. दादाने फोनवर नुसतं सांगितलं होतं, "ते तुझंच खातं ना."

जलरंग वाळतात. तैलरंग वेळ घेतात, पण वाळतात. ऑइल पेस्टलचा, म्हणजे तेलकट खडूंचा, रंग कधीच पुरता वाळत नाही. वरून घट्ट दिसतो आणि बोट टेकलं की बोटावर येतो. त्यात धूळ बसते, केस रुततात, डास चिकटून मरतात. बाबांनी ही सगळी चित्रं वर्तमानपत्रांत घालून, एकावर एक रचून पलंगाखाली सरकवली होती, आणि तिथे ती उन्हाळाभर घामेजत पडली होती. एका चित्रात आईच्या पोटावर उलट्या अक्षरांत टायरची जाहिरात उमटली होती. दुसऱ्यात गालाच्या खळगीत एक माशी पंख पसरून बसली होती, जशी काही बाबांनीच काढलेली.

सगळी चित्रं आईचीच होती. अंथरुणाला खिळलेल्या आईची.

चित्रकलेचे मास्तर म्हणून निवृत्त झाल्यावर बाबांचा हात थरथरू लागला. ब्रश धरवेना, तेव्हा त्यांनी हे खडू धरले. खडू ओढायचा आणि अंगठ्याने चोळायचा. मग तोच अंगठा घरभर फिरायचा. दिव्याच्या बटणावर, फ्रिजच्या दांडीवर, कपाच्या कानावर. तिने एकदा भाताच्या वाडग्याच्या काठावर जांभळा ठसा पाहिला होता आणि तो वाडगा तसाच मोरीत ओतला होता.

तिने पुढचं चित्र फ्रिजमधून आणलं. थंड झालं की रंग थोडा कडक होतो आणि वरचा केर सुटा निघतो, म्हणून तिने भाज्या काढून एक खण रिकामा केला होता. प्लास्टिकमधून कागद बाहेर काढताना तिने तो कडांना, दोन बोटांच्या चिमटीत धरला. या चित्रात आईची पाठ होती आणि पाठीवरच्या जखमा. बाबांनी जखमेला हिरवा लावला होता, त्यात थोडा जांभळा, आणि मधोमध एक ओला, चकाकणारा गुलाबी. चोख काढलं होतं. इतकं चोख, की तिच्या नाकात तो वास परत आला.

आई होती तेव्हा रोज सकाळी दुकानात जायच्या आधी ती इथे यायची. कोमट पाण्याचं घमेलं, फडकी, मलम. आईला कुशीवर वळवायची, खालची चादर ओढून काढायची, पुसायची. आणि कोपऱ्यात खडूची खरखर चालू असायची. एकदा तिने म्हटलं होतं, "बाबा, जरा पाय धरता का?" "एक मिनिट," ते म्हणाले होते. ते मिनिट आईला गाऊन घालून, उशी लावून होईपर्यंत संपलं नव्हतं.

त्या दिवसांतल्या फक्त एका गोष्टीबद्दल ती स्वतःवर खूश होती. तिने काही चेहऱ्यावर दिसू दिलं नव्हतं. तोंडाने श्वास घ्यायची आणि दुकानातल्या गमती सांगत राहायची. कुणी मांजराचा फोटो सोनेरी फ्रेममध्ये मागितला, कुणी लग्नाच्या फोटोतून मेव्हण्याला कापून काढायला सांगितलं. आई हूं हूं करायची. ओकारी धाकटी जिना उतरेपर्यंत दाबून ठेवायची.

फोन वाजला. दादा होता. त्याने आवाज चढवूनच सुरुवात केली.

"कुठवर आलं गं? हॉलवाले विचारतायत. नाव पक्कं केलंय मी, 'आईचं शेवटचं वर्ष'. लोक रडतील बघ."

त्याच्या आवाजात पाहुणे पोटभर जेवतील अशी खात्री असलेल्या यजमानाचा आनंद होता.

"चहा-बिस्किटं ठेवणार आहेस?" तिने विचारलं.

"अर्थात. का गं?"

"काही नाही. उघड्या पाठीसमोर उभं राहून लोक बिस्किटं खातील, ते डोळ्यांसमोर आलं."

"तू ना, प्रत्येक गोष्टीची घाण करतेस," दादा म्हणाला. "संध्याकाळी येतो न्यायला."

तिने फोन ठेवला. फोनच्या काचेवरही तिचा पिवळा अंगठा उमटला होता.

साफ झालेली चित्रं तिने मागच्या गॅलरीत फळीला टेकवून उभी केली, नाकातोंडाला मास्क लावला आणि स्प्रे मारला. हात लांब ठेवून, डावीकडून उजवीकडे, एक पातळ थर. मग थांबायचं. मग दुसरा. घाई करून जवळून मारला तर ओघळ येतात आणि रंग खालून फुगतो. हे काम तिला एरवी आवडायचं. कुणाचंही चित्र असो, थर बसला की ते परकं होतं. मग ते धरायला, फिरवायला, खिळ्यावर टांगायला काही वाटत नाही. आज मात्र ती वाट पाहत होती की आई अशी परकी कधी होते, आणि ती होत नव्हती.

गठ्ठ्यातलं शेवटचं चित्र इतरांपेक्षा मोठं होतं. वरचं वर्तमानपत्र जागोजागी चिकटलं होतं. तिने ते कापसाने दाबत, ब्लेडने सोडवत, पट्ट्यापट्ट्यांनी काढलं. आधी आईचा खांदा दिसला. मग आईचा चेहरा, समोरून. ती कुशीवर होती आणि ओठ एका कोपऱ्यात दाबलेले होते. दुखत असणार, धाकटीच्या मनात आलं. तिने त्या ओठावरचा एक बारीक केस उचलला. मग आईच्या मागची बाई दिसू लागली. हातात फडकं, पाठीवर वाकलेली. मान मागे ओढून खांद्यात रुतवलेली. नाकपुड्या आक्रसलेल्या, वरचा ओठ दातांवरून उचललेला, डोळे बारीक. गटारावरून उडी मारताना माणसाचं होतं तसं तोंड.

कोण ही, असं तिला खरंच वाटलं. असा चेहरा माणसाला आरशात कधी दिसत नाही. मग तिला कानातली कुडी ओळखू आली.

तिच्या अंगावरून काहीतरी चिकट, थंड सरकत गेल्यासारखं वाटलं. तिने टेबलावरचा चपटा चाकू उचलला, रंग खरवडायचा. चित्रातल्या त्या तोंडावर तो आडवा धरला. रंग मऊ होता. दोन-तीन ओढींत खाली नुसता कागद राहिला असता.

"काढायचं असेल तर आत्ताच काढ," दारातून बाबा म्हणाले. "स्प्रे बसला की नाही निघणार."

त्यांच्या आवाजात ना विनंती होती, ना राग.

"तुम्ही हे बघत बसायचात?"

"हो."

"रोज?"

"रोज."

"मला वाटायचं..." तिने वाक्य सोडून दिलं. चाकू हातातच होता. "निदान आईला तरी कळलं नाही. तिची माझ्याकडे पाठ असायची."

बाबांनी खुर्चीच्या हातावर अंगठा घासला.

"समोर कपाट होतं," ते म्हणाले. "त्याच्या दाराला आरसा होता. तू खाली बघायचीस, तुला कुठून दिसणार. तिला सगळं दिसायचं."

धाकटी बसली. बसायला स्टूल आहे की नाही हेही तिने पाहिलं नाही, सुदैवाने होतं.

"मग?"

"मग काय. तिनेच सांगितलं काढायला. म्हणाली, हिचं तोंड बघा. लहानपणी हिची शी धुताना माझंही अस्संच व्हायचं. माझं कुणी काढून ठेवलं नाही. हिचं तरी ठेवा." बाबा थांबले. "हसत होती. हसली की खोकला यायचा, म्हणून ओठ दाबून धरायची."

तिने चित्राकडे पाहिलं. ओठांचा तो दाबलेला कोपरा. मघाशी तिने तिथला केस काढला होता आणि दुखणं समजून पुढे गेली होती.

"तुम्ही हे मला मनाचं सांगत नाही ना?"

"मला मनाचं काढता आलं असतं तर मास्तर कशाला झालो असतो," बाबा म्हणाले.

तिला हसू आलं नाही. उलट संताप आला, आणि तो इतके दिवस जिथे साचला होता तिथूनच आला.

"आणि तुम्ही? तुम्हाला कधी वाटलं नाही, आपण एकदा फडकं घ्यावं हातात?"

गॅलरीतून स्प्रेचा उग्र वास आत येत होता.

"मला ओकारी यायची," बाबा म्हणाले. "पहिल्या दिवशी बाहेर पळालो होतो, तुला आठवत नसेल. खडू हातात असला की त्याचा वास नाकाशी यायचा. तेवढ्यावर खोलीत बसता यायचं."

"मला यायची नाही, असं वाटलं तुम्हाला?"

"नाही. तुलाही येत होती." त्यांनी चित्राकडे हनुवटीने खूण केली. "तेच तर काढलंय."

हे बोलून त्यांनी माफी मागितली होती की नाही, ते तिला ठरवता आलं नाही. हा माणूस आपल्याला अजूनही आवडत नाही, हे मात्र तिला स्वच्छ कळलं. त्यांचे ते रंग भरलेले नखांचे कोपरे, त्यांचं ते बसून राहणं. आपल्या बायकोची घाण सहन होत नाही म्हणून तिची चित्रं काढणारा माणूस. आणि तरी खोलीतून न उठलेला.

तिने चाकू टेबलावर ठेवला. नवं ब्लेड घेतलं, आणि त्या बाईच्या गालात रुतलेला एक तंतू, रंगाला धक्का न लावता, सावकाश उचलला. कपाळावरची धूळ काढली. नाकाजवळच्या आक्रसलेल्या रेघांमध्ये कागदाचे कण अडकले होते. तिने एकेक टिपला. एवढ्या जवळून पाहिल्यावर चित्रात आणखी एक बारीक गोष्ट दिसली. मान मागे होती, पण हात पुढे होता. फडकं पाठीवर पूर्ण टेकलेलं होतं.

मग तिने चित्र गॅलरीत नेलं, लांबून पहिला थर दिला, वाट पाहिली, दुसरा दिला.

ऊन उतरता उतरता दादा आला. बरोबर मोठे पुठ्ठे आणि जुन्या चादरी होत्या. रंगाला काच टेकू नये म्हणून मधे पोकळी ठेवून धाकटीने बाकीच्या फ्रेम बंद केल्या होत्या. त्याने त्या एकेक करून पाहिल्या आणि दर वेळी जीभ टाळूला लावून हळहळल्यासारखा आवाज केला. मोठं चित्र अजून उघडंच फळीला टेकलेलं होतं. त्यापाशी तो थांबला.

"ही तू?"

"हो."

तो तिच्याकडे पाहायचं टाळत म्हणाला, "हे राहू दे गं घरीच. बाकीची बघ किती शांत आहेत. लोकांना काय वाटेल? मुलगी आईला असं... तुझ्याचसाठी सांगतोय."

"हे जाणार नसेल तर बाकीचीही जाणार नाहीत."

"धाकटे, हट्ट करू नकोस."

"आणि दारातून आत आल्यावर समोरच लाव. बाजूला नको."

दादाने बाबांकडे पाहिलं. बाबा खुर्चीवरून उठून चादरीची घडी उलगडत होते. त्यांनी मान वर केली नाही. शेवटी दादाने सुस्कारा टाकला, चित्र दोन्ही कडांना धरून उचललं आणि नीट पाहावं म्हणून जवळ घेतलं. स्प्रेचा वास अजून उडाला नव्हता. त्याची मान मागे गेली, नाकपुड्या आक्रसल्या, वरचा ओठ दातांवरून उचलला गेला. चित्र मात्र त्याने हातातून सोडलं नाही.

धाकटी बघत राहिली. मग तिने हाताच्या पाठीने तोंड दाबलं, पण हसू थांबेना, आणि तिला खोकला आला.