काळगाली कुठे आहे?

गावातल्या सगळ्यांची मेंढरं डोंगरावरून उतरून वाड्यात बसली होती. बोर्गहिल्डचीच तेवढी वर राहिली: पुढे काळ्या गालांची म्होरकी मेंढी काळगाली आणि मागे अक्कल गहाण टाकून तिच्या पावलावर पाऊल टाकत चालणारी बाकीची.

काळगालीच्या गळ्यात जीपीएसची घंटा होती. फोन उघडला की नकाशावर तिचा ठिपका दिसायचा. या आठवड्यात कंपनीने ॲप नवं केलं आणि नकाशा कोरा झाला. संध्याकाळी वर बर्फ पडणार, असं रेडिओ सकाळपासून सांगत होता. बर्फात अडकलेल्या मेंढराची वसंतात नुसती लोकर सापडते.

"तुझीच कंपनी ना गं ती?" बोर्गहिल्डने कॉफीची किटली आपटली. "दिवसभर माझ्या स्वयंपाकघरात बसून तपासतेस तरी काय?"

सिन्ने तिची सून, बर्गन शहरातली. मुलगा आयविन समुद्रातल्या तेलाच्या फलाटावर कामाला गेलेला, त्यामुळे घरात या दोघीच.

"ॲप दुसरे लोक बघतात. मी मागचा सर्व्हर तपासते, घंटांची माहिती जिथे जमा होते तो. तो धडधाकट आहे," सिन्ने म्हणाली. "ॲप राहू दे बाजूला. त्यालाच सरळ विचारू."

तिने लॅपटॉपवर तपासणीचं रोजचं टूल उघडलं. ना चित्र ना नकाशा. वर पत्ता लिहायचा, बटण दाबून विचारणा पाठवायची, खाली उत्तर येतं. तिने बटण दाबलं. हिरवं २०० उमटलं, म्हणजे काम फत्ते. खाली एका मेंढीचे अक्षांश-रेखांश आले, दोन्ही शून्य.

"कुठंय हे?"

"आफ्रिकेजवळ. भर समुद्रात."

"वा! उन्हं खायला गेली! या घरातलं कुणीतरी गेलं एकदाचं दक्षिणेला."

सिन्नेचे कान लाल झाले. "चाचणीचा पत्ता तसाच राहिला. ही खोटी मेंढी आहे, मीच बनवलेली. रोज हिलाच शोधत असते मी."

"आणि पगार घेतेस!"

सिन्नेने पत्ता बदलून खरा टाकला. लाल ४०१ आलं.

"'तू कोण?' विचारतोय," ती म्हणाली. "माझं टोकन, म्हणजे आत जायचा परवाना, चाचणीचं आहे, ते इथे चालत नाही." मग तिने आपल्या नावाने लॉगिन केलं, लांबलचक नवं टोकन आणून चिकटवलं, पुन्हा पाठवलं. आता ४०३.

"झालं! परत तेच."

"तेच नाही. आधी विचारत होता, तू कोण. आता म्हणतोय, तू कोण ते कळलं, पण या मेंढरांशी तुझा संबंध नाही."

सिन्ने साधंच बोलली होती, पण बोर्गहिल्डच्या हातातला कप अर्ध्यावर थांबला. शेताच्या खात्यावर दोनच नावं होती, तिचं आणि आयविनचं. ईस्टरला आयविन म्हणाला होता, सिन्नेचंही घाल. त्यावर वॉफल उलटता उलटता, सिन्नेच्या देखत, ती म्हणाली होती, "आधी टिकू तर दे."

"माझा पासवर्ड घे," ती घाईने म्हणाली. "कुत्र्याचं नाव, आणि पुढे..."

"सांगू नकोस!" सिन्नेने कानांवर हात ठेवले. "मी दुसऱ्याच्या नावाने आत जात नाही."

"मेंढरं मरायला टेकलीत आणि हिला नियम सुचतायत!"

"नियम राहू दे. काळगाली काय एका जागी बसणार आहे? तू वर शोधत असशील तेव्हा मला इथून पुन्हा पुन्हा विचारावं लागेल. टोकन थोड्याच वेळात मरतं. नव्यासाठी तुझ्या फोनवर कोड येईल, आणि घंटा उपग्रहावरून बोलत असली तरी वर फोन लागत नाही. मग मी कुणाच्या नावाने विचारू?"

बोर्गहिल्डने फोन ओढला, चष्मा चढवला. नकाशा मेला होता तरी खात्याचं पान उघडत होतं. सिन्नेचं नाव घातल्यावर त्याने विचारलं: मजूर, मदतनीस की मालक? तिचं बोट घुटमळलं.

"मदतनीस चालेल," सिन्ने हळूच म्हणाली.

"तुला कुणी विचारलं?" म्हणत बोर्गहिल्डने मालकावर बोट दाबलं.

सिन्नेने पुन्हा पाठवलं. २००. या वेळी खाली काळगालीच होती, खिंडीपलीकडे, कड्याच्या पोटाशी. बोर्गहिल्ड नेमकी उलट्या बाजूला निघणार होती. तिने बूट आवळले, एक वॉकीटॉकी सिन्नेपुढे ठेवला, दुसरा खिशात घातला आणि कुत्र्याला शीळ घातली.

खिंडीत पोचेपर्यंत आभाळ राखाडी झालं होतं. "ए मालकीणबाई, हलली का ती?" तिने वॉकीटॉकीवर विचारलं.

"तळ्याकडे उतरतेय. डावीकडे वळ."

"तुला डावं-उजवं कळतं तर!"

"तुझ्या मेंढीपेक्षा बरं," वॉकीटॉकी खरखरला.

बोर्गहिल्ड हसली, पण वॉकीटॉकीचं बटण सोडल्यावर. पहिला कण नाकावर पडला, आणि तेवढ्यात डावीकडून, अगदी जवळून, घंटा वाजली.

"सापडली!" ती ओरडली. "वाड्याचं दार उघडून ठेव. आणि कॉफी टाक, दोघींना पुरेल एवढी."