गणपतरावांचं तिसरं मरण

प्रणालीच्या पहिल्या सिनेमात परग्रहावरून आलेला पाहुणा शेवटी मरतो. पाहुणा म्हणजे तिचेच बाबा, गणपतराव, अंगाला चंदेरी रंग फासलेले. वाडीच्या ट्रकवाल्यांनी त्याला खांदा दिला, रीतसर सरणावर ठेवलं, आणि त्या सरणाची क्लिप मोबाइलवरून फिरत फिरत उमरेडच्या नातेवाइकांपर्यंत गेली. ते रडत दारात आले, तर गणपतराव कढी-भात चापत बसलेले.

शेजारच्या यमुताई म्हणाल्या, "मेल्याची खोटी बातमी उठली का आयुष्य वाढते."

पुढे गणपतरावांना हृदयविकाराचा झटका आला आणि ते त्यातून सहीसलामत सुटले. झालं! प्रणालीच्या आईला, रुख्मिणीबाईंना, आणखी पुरावा नको होता.

"आई, दुसऱ्या भागात बाबा जिंकतात," प्रणालीने समजावून पाहिलं.

"जिंकू दे. पण आधी मरू दे त्यायले. नाही तर मी त्यायले शूटिंगले सोडत नाही."

"असं काहून करून राहिली वं तू?"

गणपतरावांना कोणी विचारलं नाही. त्यांना तर मरायला आवडायचंच, संवाद पाठ करावे लागत नसत. शेवटी दुसऱ्या भागात ते दोनदा मेले. एकदा किरण लागून, एकदा स्वतःच्याच उडत्या तबकडीखाली येऊन.

लकडगंजच्या एका मंगल कार्यालयात पहिला खेळ लागला. किरण लागला तेव्हा लोक खुदखुदले. तबकडी पडली तेव्हा मात्र अख्खा हॉल खदखदून हसला. "बुढा पुन्हा मेला ना गा," मागून कोणीतरी ओरडलं. प्रणालीला वाटलं, धरणीने पोटात घ्यावं. तिने रागाने आईकडे पाहिलं.

आईचा चेहरा पांढराफटक पडला होता. कोणाचा विश्वासच बसला नाही, तर हे मरण धरायचं कसं, आणि आयुष्य वाढायचं कसं? रुख्मिणीबाईंनी पदर तोंडाला लावला आणि हंबरडा फोडला, "मले एकटीले टाकून कुठं चालले हो!"

हसणं थांबलं. पुढच्या बायका डोळे पुसू लागल्या.

"अवं, मी इथंच बसून आहो," शेजारून गणपतराव कुजबुजले.

"चूप बसा. मेले तुम्ही."

त्या रडण्यात खोटं काही नव्हतं. झटका आल्यापासून आई कशाला भिऊन होती, ते प्रणालीला आत्ता कळलं. सिनेमा पडायचा तो पडलाच होता. ती उठली, बाबांच्या दुसऱ्या बाजूला जाऊन बसली, आणि हे मरण कच्चं राहू नये म्हणून तिनेही गळा काढला. नाटक करावं लागलं नाही.