ताणलेली लडी

"अगं धर, धर!"

आभा ओरडेपर्यंत किशोरीच्या हातातली काचेची कांडी पुढे सरकली होती. दोन कांड्यांमध्ये ताणलेली सुताची लडी कॉस्टिक सोड्याच्या ट्रेमध्ये सैल पडली आणि बघता बघता आखडली.

"छान! नूडल्स तयार," आभा म्हणाली.

किशोरीला हसू आलं आणि स्वतःचा रागही. मोरा बंदरात बाबांच्या होडीवर ती लहानपणापासून हेच शिकली होती : सुती दोर भिजला की आखडतो, त्याला ढील द्यायची. डोक्याला विचारायच्या आत हातांनीच ती दिली होती.

"इथं उलटं," नीता मॅडम म्हणाल्या. "कापसाचा तंतू म्हणजे पीळ पडलेली चपटी रिबीन. सोड्यात तो फुगून गोल होतो. ताणून धरला तर पीळ सुटून चमकतो, सोडला तर असा आखडतो. आता एकदाच पुरेल एवढा सोडा आहे हं."

किशोरीचे पाय एका जागी ठरेनात. शनिवारी विज्ञान प्रदर्शनात त्यांच्या ह्या प्रयोगाची निवड झाली, तर आभा जिल्ह्याच्या फेरीपर्यंत इथंच, सुकापूरला काकांकडे राहणार होती. नाहीतर रविवारीच नागपूर, बदली झालेल्या पप्पांकडे. नागपूरचं नाव काढलं की आभा विषयच बदलायची. बिचारी, किशोरीला वाटायचं.

मॅडमनी नवी लडी लावून दिली. दोघींनी हातमोजे वर ओढले.

"आता सोडलीस ना, तुलाच बुडवीन ह्यात."

"बुडव. कोळ्याची पोर हाय मी, तरंगेन!"

लडी बुडाली. किशोरीनं दात आवळून कांडी ओढून धरली. मॅडम धुवायचं पाणी आणायला वळल्या. सुतावर हळूहळू चकाकी चढू लागली.

"आभा, बघ ना! रेशीम!"

आणि लडी सैल झाली. किशोरीनं आणखी ओढली, तर ती नुसतीच मागे आली. समोरची कांडी पुढे सरकत होती, हळू, जपून. आभा ट्रेकडे बघतच नव्हती.

"हात भरून आले?"

"नाही," आभा म्हणाली. मग घाईनं, "हो. हो, खूप."

किशोरीनं तिच्याकडे पाहिलं. आभानं मान खाली घातली.

"अरे देवा, परत?" मॅडम बादली टेकवत म्हणाल्या. "कोणाकडून सुटली?"

"माझ्याकडून," किशोरी म्हणाली. तिनं कांडी ट्रेच्या काठावर ठेवली. "आभा, नागपूरला थंडी खूप असते म्हणे. स्वेटर बॅगेत वरच ठेव."